पहिले सोळा आठवडे : कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांची प्रतिबंधक निगा

दौलतराव शिंदे यांच्या छावणीभोवती १८१० नंतर वाढत गेलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरे, दुकाने आणि रहदारी एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की जयेंद्रगंजसारख्या वस्तीत कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू चार भिंतींच्या आत वाढवले तरी ते गल्लीपासून वेगळे राहू शकत नाही. मोकाट कुत्र्यांच्या विष्ठेचा अंश चपलांच्या तळव्यांना लागून उंबरठा ओलांडतो, उंदीर पावसाळ्यातील साचलेल्या पाण्यात रोगजंतू सोडतात, आणि जुन्या घरांच्या भिंतींतील भेगा गोचिडींना अंडी घालण्यास सोयीच्या पडतात. त्यामुळे पिल्लू बाहेर जातच नाही, हे लस न देण्यासाठी नेहमी सांगितले जाणारे कारण टिकणारे नाही. आजार उद्भवण्यापूर्वी केले जाणारे लसीकरण, जंतनिर्मूलन, गोचिडी आणि पिसवांचा बंदोबस्त, नसबंदी आणि ठराविक काळाने होणारी तपासणी या सर्वांना मिळून प्रतिबंधक पशुवैद्यकीय निगा म्हणतात, आणि तिचे वेळापत्रक पिल्लाचे वय व शहराचे ऋतुमान या दोहोंवरून ठरते. हे वेळापत्रक बहुतेक घरांत सुरू होते. मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या टोचणीनंतर पिल्लू धडधाकट दिसू लागले की वेळापत्रक मध्येच सुटते, आणि संरक्षणाचा जो भाग खरोखर निर्णायक असतो तोच नेमका राहून जातो.

पिल्लू घरी आणण्याचे योग्य वय आठ आठवड्यांचे मानले जाते. २०१७ च्या केंद्रीय श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार त्याहून लहान पिल्लांची विक्री करता येत नाही, तरीही पाच-सहा आठवड्यांची पिल्ले दोन महिन्यांची म्हणून दिली जातात, आणि त्यावरून पुढील लसींचा सगळा हिशेब चुकतो. वयाचा अंदाज दातांवरून घेता येतो : कुत्र्याच्या पिल्लाचे २८ आणि मांजराच्या पिल्लाचे २६ दुधाचे दात सुमारे सहा ते आठ आठवड्यांपर्यंत उगवून पूर्ण होतात व चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान पडून त्यांच्या जागी कायमचे दात येतात. मांजराच्या पिल्लाचे वजन पहिल्या काही महिन्यांत दरमहा ढोबळमानाने ४५० ग्रॅमने वाढते, म्हणून दोन महिन्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या पिल्लाचे वजन ५०० ग्रॅम भरले, तर एक तर त्याचे वय जास्त सांगितले गेले आहे किंवा त्याचे पोषण होत नाही, असे समजून पशुवैद्याला विचारावे.

घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पशुवैद्याकडे पहिली भेट घ्यावी, आणि त्या भेटीत लस टोचलीच पाहिजे असा आग्रह धरू नये. या वेळी पशुवैद्य वजन व तापमान पाहतो (निरोगी पिल्लाचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणून माणसाच्या हाताला ते गरम लागणे हा ताप नव्हे), हृदयाचे ठोके ऐकतो, टाळू दुभंगलेला आहे काय, बेंबीच्या जागी अंतर्गळ आहे काय, नराचे दोन्ही वृषण खाली उतरले आहेत काय, कानांत माइट, म्हणजे सूक्ष्म किडे, आहेत काय, हे तपासतो. मालकाने सोबत सकाळच्या ताज्या विष्ठेचा थोडासा नमुना स्वच्छ डबीत न्यावा, कारण जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. विष्ठेत जंत डोळ्यांना दिसत नाहीत याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही. पूर्वीच्या मालकाने दिलेले लसपत्रक असल्यास तेही न्यावे. अशक्त, ताप असलेल्या किंवा जुलाब होत असलेल्या पिल्लाला त्याच दिवशी लस न देणे हे पशुवैद्याच्या सावधपणाचे लक्षण असते.

लसी एकाच टोचणीत का संपत नाहीत, हे समजून घेतल्याखेरीज वेळापत्रकाची शिस्त पाळली जाणे कठीण. जन्मानंतर पहिल्या एका दिवसात पिल्लू आईचा चीक पिते आणि त्यातून त्याला आईच्या शरीरातील प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट रोगजंतूंना निकामी करणारी प्रथिने, आयती मिळतात. ही प्रतिपिंडे काही आठवडे पिल्लाचे रक्षण करतात. पण लसीतील क्षीण केलेला विषाणूही त्यांना शत्रूच वाटतो व तो निकामी झाल्यामुळे पिल्लाचे स्वतःचे शरीर काहीच शिकत नाही. आईकडून आलेला हा साठा हळूहळू ओसरतो, परंतु कोणत्या पिल्लात तो आठव्या आठवड्यात संपेल व कोणत्या पिल्लात चौदाव्या आठवड्यापर्यंत टिकेल, हे बाहेरून ओळखता येत नाही, अगदी एकाच वेतातील भावंडांतही त्यात फरक असतो. शिवाय या दोन अवस्थांच्या मध्ये असा एक काळ येतो, की उरलेली प्रतिपिंडे लसीला अडवण्याइतकी पुरेशी असतात, पण रस्त्यावरच्या जोमदार विषाणूला अडवण्याइतकी नसतात. लस दिलेली असूनही पिल्लू दगावल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील अनेकांच्या मुळाशी हा असुरक्षित काळ असतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा देत राहणे आणि शेवटची मात्रा वयाचे १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर देणे. म्हणजे आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यातील तीन मात्रांपैकी पहिल्या दोन मात्रा लवकर मोकळ्या होणाऱ्या पिल्लांसाठी असतात, आणि ज्यांच्यात आईची प्रतिपिंडे रेंगाळतात त्यांची सगळी मदार तिसरीवर असते. बाराव्या आठवड्यात लसीकरण पूर्ण झाल्याचा शिक्का मारून पत्रक मिटवण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, ती या कारणाने अपुरी ठरते. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत याच्याही पुढे जाऊन २६ आठवडे किंवा त्यानंतर आणखी एक मात्रा देण्यास सुचवले आहे, जेणेकरून सोळाव्या आठवड्यातही जी थोडी पिल्ले प्रतिसाद देत नाहीत त्यांना वर्षभर ताटकळावे लागू नये.

कुत्र्याच्या पिल्लासाठी अत्यावश्यक मानल्या गेलेल्या लसींत डिस्टेंपर, पार्व्हो आणि संसर्गजन्य यकृतदाह या तीन विषाणुजन्य रोगांचा समावेश होतो, आणि भारतात त्यांच्या जोडीला रेबीज व लेप्टोस्पायरोसिस हे दोन रोगही तितकेच महत्त्वाचे धरावे लागतात. दुकानांत आणि दवाखान्यांत सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन, टेन-इन-वन अशी जी नावे ऐकू येतात, त्यांत आकडा मोठा म्हणजे संरक्षण अधिक असा समज करून घेऊ नये. त्या आकड्यांतील फरक बहुधा लेप्टोस्पायरा जिवाणूच्या किती जाती मोजल्या यावर, किंवा कोरोना विषाणूचा घटक मिसळला आहे की नाही यावर ठरतो, आणि वरील संघटना कुत्र्यांच्या आतड्यांच्या कोरोना विषाणूविरुद्धच्या लसीची शिफारस करीत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे मात्र लष्कर भागात विशेष महत्त्व आहे, कारण हा रोग उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, मूत्रपिंड व यकृत निकामी करतो आणि माणसांनाही होतो. त्याची लस मृत जिवाणूंपासून केलेली असल्याने तिचा परिणाम दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा दिल्याशिवाय होत नाही व नंतर ती दरवर्षी द्यावी लागते. ही वार्षिक मात्रा जुलैच्या पावसाआधी पडेल अशी आखणी करणे श्रेयस्कर. याउलट डिस्टेंपर, पार्व्हो व यकृतदाह यांच्या जिवंत लसी पहिले वर्ष नीट पार पडल्यानंतर तीन वर्षांनी दिल्या तरी चालतात, म्हणून दरवर्षी सरसकट सगळेच टोचणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न पशुवैद्याला विचारण्यात गैर काही नाही.

पार्व्होविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण लहान पिल्ले दगावण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. १९७८ च्या सुमारास जगभर प्रथम ओळखला गेलेला हा विषाणू आतड्यांच्या अस्तरावर आणि पांढऱ्या पेशी निर्माण करणाऱ्या मज्जेवर एकाच वेळी हल्ला करतो, त्यामुळे उलट्या, उग्र दुर्गंधीचे रक्ताळलेले जुलाब आणि कमालीची मलूलता ही लक्षणे दिसू लागल्यावर पिल्लाला वाचवण्यासाठी हाती काही तासांचाच अवधी असतो. दही-भात, साखर-मिठाचे पाणी किंवा माणसांसाठीच्या जुलाबाच्या गोळ्या देऊन एक रात्र वाट पाहणे हे येथे प्राणघातक ठरू शकते; शिरेतून दिले जाणारे द्रव हाच उपचाराचा कणा असतो. ज्या घरात किंवा अंगणात असे पिल्लू दगावले, तेथे विषाणू कित्येक महिने, सावलीच्या ओलसर मातीत वर्षभरही, टिकून राहू शकतो आणि नेहमीच्या फिनाइलने तो मरत नाही. फरशी आधी साबणाने धुऊन, मग घरगुती ब्लीचिंग द्रवाचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ते मिश्रण किमान दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. अंथरूण, पट्टा आणि मातीची भांडी टाकून द्यावीत. दुःखाच्या भरात आठवड्याभरातच नवे पिल्लू आणण्याचा मोह अनेक घरांना होतो, पण अशा घरी सर्व मात्रा पूर्ण झालेले मोठे पिल्लूच आणावे.

लसीच्या गुणवत्तेइतकाच तिच्या प्रवासाचाही विचार ग्वाल्हेरमध्ये करावा लागतो. कुत्र्या-मांजरांच्या या लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, आणि मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असताना औषधांच्या दुकानातून कुपी खिशात किंवा साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्यापर्यंत नेली, तर तिच्यातील जिवंत विषाणू वाटेतच निकामी होऊ शकतो, आणि पुढे टोचले जाते ते जवळजवळ पाणी. उलट बाजूने, गोठणकप्प्यात ठेवल्याने किंवा बर्फाला थेट टेकवल्याने रेबीजची लस बिघडते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वीज जाण्याच्या वेळी शीतकपाटाचे काय होते, असे दवाखान्याला विचारण्यात संकोच नसावा. लस दवाखान्यातच ठेवलेली व तेथेच, द्रव मिसळल्यावर लगेच, टोचलेली असावी, आणि कुपीवरील चिकटपट्टी, ज्यावर गट क्रमांक व मुदत छापलेली असते, ती पत्रकावर लावून तिच्यापुढे पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक घ्यावा. घरी येऊन स्वस्तात टोचून जाणाऱ्या अनोळखी मदतनीसाकडून लस घेणाऱ्यांना यांपैकी काहीच मिळत नाही. टोचल्यानंतर अर्धा तास दवाखान्याच्या आसपास थांबावे, कारण क्वचित एखाद्या पिल्लाचा चेहरा सुजतो, अंगावर गांधी उठतात किंवा ते कोसळते, आणि त्यावरचा उपाय तात्काळच करावा लागतो. एक दिवस सुस्ती आणि टोचल्या जागी लहानशी गाठ मात्र सामान्य समजावी.

रेबीजची लस १२ आठवडे पूर्ण झाल्यावर दिली जाते, तीन-चार आठवड्यांनी तिची पुन्हा मात्रा देण्याची पद्धत आहे, आणि नंतर दरवर्षी. जागतिक आरोग्य संघटनेच्या संदर्भांत वापरल्या जाणाऱ्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे मरण पावतात व त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात, आणि माणसाला होणारा हा रोग जवळजवळ सर्वस्वी कुत्र्यांच्या चाव्यातून येतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज निखालस चुकीचा आहे. गल्लीतून उचलून आणलेल्या पिल्लाला त्यापूर्वी कोण चावले होते हे कोणालाच माहीत नसते. म्हणून पिल्लाचे दात किंवा नखे लागून कातडीवर ओरखडा उमटला, त्यातून रक्त आले नाही तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, मिरची किंवा तेल लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त आलेल्या जखमेत लसीखेरीज तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही जखमेभोवती द्यावे लागते. पाळीव, उपलब्ध आणि निरोगी दिसणाऱ्या कुत्र्या-मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवतात, मात्र त्या दहा दिवसांच्या आशेवर माणसाचे उपचार लांबवायचे नसतात. मुलांना हे शांतपणे सांगून ठेवणे आवश्यक आहे, कारण घरचे रागावतील किंवा पिल्लू सोडून देतील या भीतीने मुले ओरखडे लपवतात. ते लपवण्यामागे आणखी एक जुनी भीती असते, ती म्हणजे पोटात घेतल्या जाणाऱ्या चौदा इंजेक्शनांची. ही भीती डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे तयार केलेल्या, मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या लसीच्या काळातील आहे. त्या लसीचा वापर भारतात २००५ च्या सुमारास थांबला आणि आजची लस दंडात चार-पाच वेळा किंवा त्वचेत त्याहूनही थोड्या प्रमाणात दिली जाते.

मांजराचे पिल्लू म्हणजे लहान आकाराचे कुत्र्याचे पिल्लू, अशा समजुतीने जी निगा राखली जाते ती त्याला अपायकारक ठरते. त्याच्या अत्यावश्यक लसी वेगळ्या आहेत : पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे पार्व्होच्याच कुळातील पण मांजरांचा, पांढऱ्या पेशी घटवणारा रोग, आणि सर्दी, डोळे चिकटणे व तोंडातील व्रण घडवणारे हर्पीस व कॅलिसी हे दोन विषाणू. वेळापत्रक मात्र तेच, सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची लस मांजरालाही लागतेच, जरी पुष्कळ घरांत ती केवळ कुत्र्याची गोष्ट मानली जाते. सर्दीच्या दोन विषाणूंविरुद्धची लस रोगाची तीव्रता कमी करते, संसर्ग पूर्णपणे रोखत नाही, त्यामुळे लसीनंतरही एखाद्या पिल्लाला शिंका आल्या तर लस फसली असे मानू नये. मांजराच्या यकृतात काही रसायने पचवणारी विकरे फार थोडी असतात. परिणामी माणसासाठी निरुपद्रवी असलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटल्याने विषबाधा होऊ शकते, आणि कुत्र्यांसाठी विकली जाणारी परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशके मांजरात झटके आणतात. घरात दोन्ही प्राणी असतील, तर कुत्र्याला असे औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नये, आणि शक्यतो असे औषध टाळावेच.

जंतांची सुरुवात जन्माआधीच होते, ही गोष्ट ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. कुत्रीच्या स्नायूंत सुप्तावस्थेत असलेल्या गोलकृमींच्या अळ्या गर्भारपणात जाग्या होऊन वारेतून पिल्लांत शिरतात व नंतर दुधावाटेही जातात, म्हणून कुत्र्याच्या पिल्लाला पहिले जंतनाशक दुसऱ्या आठवड्यात द्यावे लागते; मांजरांत हा प्रवास दुधावाटेच होत असल्याने तेथे तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात केली तरी चालते. दोन्हींत दूध तुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी ही मात्रा चालू ठेवावी, व आईलाही पिल्लांबरोबरच औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मागच्या महिन्याच्या वजनावर बेतलेली मात्रा या महिन्यात पुरत नाही. पोट फुगलेले पण फासळ्या दिसणारे पिल्लू खाऊन-पिऊन सुखी आहे, असे समजणारे कमी नाहीत. ते बहुधा गोलकृमींनी भरलेले असते. हिरड्या पांढुरक्या पडलेले पिल्लू अंकुशकृमींना रक्त पाजत असण्याची शक्यता असते व त्याला तातडीने दाखवावे लागते. गोलकृमींची अंडी लहान मुलांच्या पोटात गेल्यास त्यांतील अळ्या यकृतात आणि डोळ्यांत भटकतात, म्हणून अंगणातील व गच्चीवरील विष्ठा रोज उचलणे, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर पिल्लांना न सोडणे आणि जेवणाआधी मुलांचे हात धुणे हेही प्रतिबंधक निगेचेच भाग ठरतात.

ग्वाल्हेरच्या स्थानिक बोलीत ज्यांना किलनी म्हणतात त्या गोचिडींचा जोर पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत वाढतो. तपकिरी रंगाची कुत्र्यांची गोचीड रक्त पिऊन झाल्यावर अंगावरून उतरते आणि भिंतींच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, पलंगाखाली हजारोंच्या संख्येने अंडी घालते. पिल्लाच्या अंगावर दहा गोचिडी दिसल्या तर घरात त्याच्या कितीतरी पट लहान-मोठ्या अवस्था दडलेल्या असतात, हे लक्षात घेता केवळ अंगावरच्या वेचून मारणे व्यर्थ होते. ही गोचीड अर्लिकिया आणि बबेसिया या रक्तातील रोगजंतूंचा प्रसार करते, ज्यांमुळे ताप, भूक मंदावणे, नाकातून रक्त, गडद लघवी अशी लक्षणे उद्भवतात. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या नव्या गोळ्या आठ आठवड्यांवरील आणि साधारण दोन किलोंहून अधिक वजनाच्या पिल्लांसाठी परिणामकारक आहेत, परंतु ज्याला झटके येतात अशा पिल्लाच्या बाबतीत त्या पशुवैद्याला विचारूनच द्याव्यात. गाईम्हशींच्या गोठ्यात वापरले जाणारे कीटकनाशक पाण्यात मिसळून पिल्लाला आंघोळ घालण्याचा जो प्रकार चालतो, तो तत्काळ थांबवावा, कारण त्यातून दरवर्षी विषबाधा होतात. भिंतींच्या भेगा बुजवणे, अंथरूण कडक उन्हात टाकणे आणि कोपरे झाडून कचरा बाहेर न ठेवता जाळणे किंवा बंद पिशवीत टाकणे, हे साधे उपाय अधिक टिकतात.

उन्हाळ्याचा प्रश्न लस-औषधांचा नसला, तरी पहिल्या वर्षी पिल्लू गमावण्याचे ते एक कारण आहे. पग आणि अन्य चपट्या तोंडाच्या जातींना श्वासावाटे उष्णता बाहेर टाकणे जमत नाही, त्यामुळे त्यांना मे-जूनमध्ये फक्त पहाटे फिरवावे. धापा टाकत लाळ गाळणारे पिल्लू दिसल्यास साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावे, बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, आणि थेट दवाखाना गाठावा. जानेवारीतील धुक्याच्या रात्री ओल्या पिल्लाला कोरडे करून गुंडाळणे तितकेच आवश्यक. आहाराविषयी सांगण्यासारखे थोडे आहे : मांजराला गाईचे दूध बहुधा जुलाब घडवते, कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा आमटी, मनुका-बेदाणे असलेला शिरा व श्रीखंड, आणि चॉकलेट हे दोघांनाही देऊ नये.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नये, हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कुत्र्याचे पिल्लू तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या काळात, आणि मांजराचे पिल्लू दुसऱ्या ते नवव्या आठवड्याच्या काळात, आवाज, माणसे व इतर प्राणी यांना ओळखून घेते. हा काळ पूर्णपणे कोंडून गेला तर पुढे भित्रेपणा आणि चावरेपणा उरतो, आणि ते सुधारणे लस देण्यापेक्षा अवघड असते. त्यामुळे जमिनीवर न सोडता पिल्लाला कडेवर घेऊन बाजारातील गोंगाट, दुचाकीचा आवाज, मंदिरातील घंटा दाखवून आणावे, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी भेट घडवावी, आणि पंजांना, कानांना व तोंडाला रोज हात लावण्याची सवय करावी, जिचा उपयोग पशुवैद्यालाही होतो. दिवाळीच्या फटाक्यांची ओळख मात्र आवाज हळूहळू वाढवत, आधीच्या काही आठवड्यांत करावी, ऐन दिवशी नव्हे.

नसबंदीच्या वयाबद्दल मतभेद आहेत, आणि ते खरे आहेत. मांजरीची पाच महिन्यांच्या आसपास करावी याबद्दल सहमती वाढत आहे, कारण दिवस मोठे होऊ लागताच ती माजावर येते व चार-पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते. लहान जातीच्या कुत्रीची शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या सुमारास केली जाते, मोठ्या जातीत हाडे व सांधे पूर्ण वाढेपर्यंत, म्हणजे बारा ते अठरा महिने, थांबण्याकडे कल आहे. यात गर्भाशयात पू होण्याचा व स्तनांच्या गाठींचा धोका एका बाजूला आणि सांध्यांचा प्रश्न दुसऱ्या बाजूला, असा हिशेब असतो, आणि तो प्रत्येक प्राण्यासाठी वेगळा निघतो. एक वेत तरी होऊ द्यावे, हे सांगणे वैद्यकीय आधारावर टिकत नाही. गल्लीतील कुत्रीने घराच्या जिन्याखाली पिल्ले घातली, तर २०२३ च्या प्राणी प्रजनन नियंत्रण नियमांनुसार तिची नसबंदी व रेबीजचे लसीकरण करून तिला त्याच जागी सोडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते. वस्तीने तिला जेवू घालण्याबरोबरच महानगरपालिकेकडे तशी मागणी नोंदवावी. पशुवैद्य सहज उपलब्ध नसल्यास मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा वाहनाची सेवा मागवता येते. शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीच्या उपचारांसाठी राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये, विशेषतः २००९ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाशी जोडलेली, उपयोगी पडतात.

लष्कर भागातील अनेक मराठी घरांची मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असतात आणि पिल्लू पुढे त्यांच्याबरोबर जाण्याची शक्यता असते, म्हणून ओळखीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी क्रमांक असलेली त्वचेखालील मायक्रोचिप, रेबीजच्या पहिल्या लसीच्या आधी बसवून घेणे हिताचे असते. युरोपीय संघात भारतातून प्राणी नेण्यासाठी चिप आधी, लस नंतर, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि त्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम सक्तीचा आहे, आणि चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस तेथे धरली जात नाही. अमेरिकेतही १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्र्याला प्रवेश नाही. रेल्वेने पुण्याला जातानाही लसपत्रक आणि प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो, म्हणून पत्रकाची छायाप्रत भ्रमणध्वनीत ठेवावी, मूळ पत्रक घरातील कागदपत्रांबरोबर असावे आणि २६ आठवड्यांच्या मात्रेची तारीख त्यावर आजच लिहून ठेवावी.